तारणाच्या खात्रीवरील ऑनलाइन अभ्यासक्रम: समाधान आणि एक गंभीर तक्रार

केवळ विश्वासाने तारण, म्हणजे पापापासून सुटका, आणि त्या तारणाची खात्री या विषयावरील बारा पाठांचा ध्वनिमुद्रित अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. माझा विश्वास खरा आहे की नाही हे ओळखायचे कसे, हा प्रश्न अनेक वर्षे प्रार्थनेला बसलो की आडवा येत असे, आणि त्यासाठीच मी नाव नोंदवले होते.

सुरुवातीचे पाठ अतिशय प्रामाणिक आहेत. बायबलमधील प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील, मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो असे सांगणाऱ्या अठ्ठाविसाव्या वचनात ‘केवळ’ हा शब्द मूळ ग्रीकमध्ये नाही, तो प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 च्या आपल्या जर्मन भाषांतरात घातला, हे शिक्षक स्वतःहून सांगतात. आणि जर्मन भाषेची धाटणी व पौलाच्या युक्तिवादाचा रोख या दोन्हींमुळे तो शब्द आवश्यक होता, हे ल्यूथरने 1530 मध्ये केलेले समर्थनही पुढे ठेवतात. ‘केवळ विश्वासाने’ असे शब्द जेथे खरोखर येतात ते याकोबाच्या पत्रातील वचन (2:24) तर उलट नकारार्थी आहे: मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही, असे ते म्हणते. त्यावरचा पाठ मी तीनदा ऐकला. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचेच उदाहरण घेतात. मात्र पौल उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातील, ताऱ्यांकडे पाहून वचनावर भरवसा ठेवणाऱ्या अब्राहामापाशी थांबतो, तर याकोब बाविसाव्या अध्यायात आपला मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवणाऱ्या अब्राहामापर्यंत जातो. या दोन प्रसंगांमध्ये कितीतरी वर्षे लोटली आहेत, हे मी इतक्या वेळा वाचूनही माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

रोमन कॅथलिक भूमिकेलाही न्याय मिळाला आहे. कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरतो या मताचा कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये पहिल्याच कलमात निषेध केला होता, हे अनेक प्रॉटेस्टंट श्रोत्यांना नवे वाटेल. नीतिमान ठरण्याविषयीच्या 1999 च्या लूथरन-कॅथलिक संयुक्त घोषणेला मात्र जेमतेम पाच मिनिटे दिली आहेत.

आठवा पाठ या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रश्नोत्तररूपी प्रॉटेस्टंट शिकवणीच्या पुस्तकात, मनापासूनचा भरवसा हा खऱ्या विश्वासाचाच भाग मानला आहे. उलट वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली या दुसऱ्या प्रॉटेस्टंट श्रद्धापत्राच्या अठराव्या प्रकरणानुसार खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते. हा फरक ऐकताना मला मोठा दिलासा मिळाला, कारण खात्री नसणे म्हणजे विश्वासच नसणे असे मी धरून चाललो होतो. शंका आली की आधी ख्रिस्ताच्या वचनाकडे पाहावे, स्वतःच्या अंतःकरणाची तपासणी त्यानंतर करावी, असे येथे स्पष्ट सांगितले आहे.

आणि लगेच नवव्या पाठात हा क्रमच उलटा होतो. स्वाध्यायपुस्तिकेत गेल्या महिन्यातील आचरणाविषयी पंधरा प्रश्न असून प्रत्येकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी आहेत. मी पेन्सिलीने खुणा केल्या, दोनदा खोडल्या, आणि तिसऱ्या वेळी कागद फाटला. फळांवरून झाड ओळखावे हे शास्त्राचेच शिक्षण आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही; परंतु आधीच भयभीत असलेल्या माणसाच्या हाती वचनाचा एकही आधार न देता ही चौकटींची यादी ठेवणे मला निष्काळजीपणाचे वाटते. योहानाच्या पहिल्या पत्रातील ‘तुम्हांला सार्वकालिक जीवन आहे हे कळावे’ या हेतूने लिहिलेले वचन (5:13) त्या पानावर असायलाच हवे होते. मी तसे कळवले, तेव्हा पुढील आवृत्तीत विचार करू, एवढेच उत्तर मिळाले.

तरीही हा अभ्यासक्रम घ्यावा, असेच मी सांगेन. ज्यांना माझ्यासारखी धास्ती आहे त्यांनी नववा पाठ एकट्याने सोडवू नये. मंडळीतील एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्यावे आणि त्याआधी आठवा पाठ पुन्हा एकदा ऐकावा.