पहिलं मोठं विमान: तयार आणायचं की बांधायचं, पेट्रोल की बॅटरी?

रिमोटवर उडणारं फोमचं ट्रेनर (शिकायचं मॉडेल विमान) वाऱ्यातही पट्टीवर नीट उतरायला लागलं की मोठ्या विमानाची खाज सुटते. क्लबात कोणाचं तरी पन्नास सीसी इंजिनचं एक्स्ट्रा (एरोबॅटिक, म्हणजे कसरतींचं मॉडेल) डोक्यावरून जातं, आणि घरी येईपर्यंत मनात आकडेमोड सुरू झालेली असते. तिथे बहुतेक जण दोनच प्रश्नांवर अडतात: एआरएफ (जवळजवळ तयार मिळणारं विमान) घ्यायचं की स्वतः बांधायचं, आणि पेट्रोल इंजिन की बॅटरी. दोन्हींबद्दल माझं मत ठाम आहे. पण पुण्यात हे प्रश्न विमानाकडे बघून सुटत नाहीत. तुमची गाडी केवढी, फ्लॅट कसला आणि फील्डवर तुमच्याबरोबर कोण असतं, हे आधी बघावं लागतं.

मोठं म्हणजे किती, याचा चालत आलेला ठोकताळा अमेरिकेतल्या इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनचा आहे. मोनोप्लेनचा विंगस्पॅन (पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी) 80 इंच किंवा जास्त, बायप्लेनचा (दोन पंखजोड्यांच्या विमानाचा) 60 इंच किंवा जास्त, नाहीतर मूळ विमानाच्या एक चतुर्थांश मापाचं मॉडेल. 80 इंच म्हणजे 203 सेंटिमीटर. पंख दोन भागांत सुटतात, मधली नळी काढली की गादीशेजारीही मावतात. अडचण असते धडाची. ते अखंड असतं आणि पन्नास सीसीच्या एरोबॅटिक विमानाचं जवळपास पंखांइतकंच लांब. आधी टेप घेऊन डिकीच्या दारापासून डॅशबोर्डपर्यंतचं अंतर मोजा, मग इमारतीची लिफ्ट मोजा. छोट्या हॅचबॅकमध्ये असं धड नेताना पुढची सीट आडवी पाडावी लागते आणि तुम्ही एकटेच जाता. हे वाक्य लक्षात असू द्या, पेट्रोलच्या वेळी त्याचं काम पडणार आहे.

वीस, तीस की पन्नास

वीस सीसीची विमानं पाहायला मोठी वाटतात, पण वागणूक अजून मधल्या आकाराचीच असते, वाऱ्याचा झोत आला की पंख झटकतात. पन्नास सीसीला आकाशात वजन जाणवतं. साधारण आठ किलोचं विमान ठरवलेल्या रेषेत जातं आणि लांबूनही ते कुठे तोंड करून आहे हे नीट दिसतं. मात्र खर्च एकदम उडी घेतो: प्रत्येक एलेरॉनला (पंखामागच्या हलत्या पट्टीला) ताकदीचा डिजिटल सर्व्हो (ती हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हरला दोन स्वतंत्र बॅटऱ्या, मोठा कार्बनचा प्रॉप (प्रोपेलर). कस्टम ड्यूटी धरली तर सगळं मिळून लाखाच्या आत बसत नाही. शिवाय 22 इंची प्रॉप 7000 आरपीएमला फिरतो तेव्हा त्याचं टोक ताशी 730 किलोमीटरच्या पुढे असतं. ज्याने आजवर फक्त फोमच्या विमानाच्या पात्याशी गाठ घेतली आहे त्याने थेट तिथे जाऊ नये, असं माझं मत आहे.

पहिल्या मोठ्या विमानासाठी तीस सीसीचा वर्ग घ्या. एरोबॅटिक असेल तर त्याचा स्पॅन बहुधा 80 इंचांच्या जरासा आतच राहील, म्हणजे नियमाने ते मोठं ठरणारच नाही. त्याने तुमचं काहीही बिघडत नाही. हेच तीस सीसीचं इंजिन क्वार्टर स्केल पायपर कबला लावलं तर स्पॅन जवळपास 106 इंच होतो, आणि ते सावकाश, सहनशील विमान असतं. पण कबचं धड गाडीत घालून दाखवा!

एआरएफ की स्वतः बांधणं

एआरएफ म्हणजे कव्हरिंग चढवलेला तयार सांगाडा. इंजिन, सर्व्हो, टाकी, लिंकेज आपण बसवायचं. रोज संध्याकाळी बसलात तर काही आठवड्यांत उडायला तयार. फॅक्टरीने चिकटवलंय म्हणून त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही, एवढं पथ्य पाळा. फायरवॉलच्या (इंजिन बसतं त्या पुढच्या लाकडी भिंतीच्या) आतल्या कोपऱ्यांत आणि लँडिंग गिअरच्या पाटीभोवती पातळ इपॉक्सीचा हात फिरवा, प्रत्येक हिंज बोटांनी ओढून बघा. कंट्रोल सरफेसला (एलेरॉनसारख्या हलत्या पट्ट्यांना) जराही ढिलाई राहिली की वेगात फ्लटर, म्हणजे जोराची थरथर, सुरू होतो, आणि या आकारात तो एका क्षणात एलेरॉन उपटून काढतो. पुण्याच्या उन्हाळ्यात कव्हरिंगला सुरकुत्या पडतात. त्या कव्हरिंगच्या इस्त्रीने जातात, त्यांची काळजी नको.

स्वतः बांधण्याचा हिशेब निराळा आहे. पैसे वाचवायला बांधणार असाल तर विसरा. बाल्सा हे हलकं लाकूड प्रामुख्याने इक्वेडोरहून येतं, आणि लाकूड, फिल्म, हिंज, चाकं असं सुटं सुटं घेत गेलं की एआरएफच्या किमतीला सहज टेकतं. बांधायचं ते दोन कारणांसाठी. एक, मोडलं तर दुरुस्त करता येतं, कारण कोणती फासळी कुठे आहे हे तुमच्या हाताला माहीत असतं. दुसरं आणि मोठं कारण, जे विमान कोणी विकतच नाही ते मिळवण्याचा हा एकच रस्ता आहे. एक्स्ट्रा, कब, मस्टँग हवं तेवढं मिळेल. पण विष्णू माधव घाटगे यांनी आखलेलं, 5 ऑगस्ट 1951 रोजी पहिल्यांदा उडालेलं एचएएलचं एचटी-2 एआरएफ म्हणून माझ्या तरी पाहण्यात नाही. फ्लाइंग क्लबांमधून अनेक पिढ्यांनी उडवलेलं पुष्पकही नाही. पुष्पकचे पंख धडाच्या वर, त्यामुळे पहिल्या स्केल विमानाला ते एचटी-2 पेक्षा सोपं. क्वार्टर स्केलला स्पॅन येतो सुमारे 2.74 मीटर, म्हणजे एक पंख 1.37 मीटरचा.

तो पंख सरळ बांधायला सरळ पृष्ठभाग हवा, आणि घरातलं डायनिंग टेबल कधीच सरळ नसतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सात फुटी फ्लश डोअर आणा, दोन घोड्यांवर ठेवा, प्लॅन त्यावर चिकटवा, वर प्लास्टिक पसरा. दार वाकडं निघालं तर दुकानदाराकडून तिथेच बदलून घ्या, घरी आणल्यावर बदलत नाही. लाइट प्लायचे फॉर्मर (धडाच्या आतल्या आडव्या चौकटी) लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेणं शहाणपणाचं, भोसरीकडे अशी कामं करणारे बरेच आहेत.

बाल्सा निवडताना मात्र घाई करू नका. 1/8 इंच जाडीच्या, 4 बाय 36 इंचांच्या दोन शीट एकसारख्या दिसतात. वजनकाट्यावर एक 30 ग्रॅम भरते, दुसरी 55. हलकी शेपटीत जाते, तर जड शीट पंखाच्या स्पारजवळ (स्पार म्हणजे पंखातला मुख्य दांडा). शेपटी सीजीपासून (विमानाच्या गुरुत्वमध्यापासून) लांब आणि नाक जवळ, त्यामुळे मागे एक ग्रॅम जास्त झाला की पुढे तीन-चार ग्रॅम शिसं घालावं लागतं. क्लबात कोणी नवं विमान आणलं की जुने लोक पंखाकडे न बघता आधी नाकात शिसं किती आहे ते विचारतात. बांधणीची सगळी परीक्षा त्या एका प्रश्नात होते.

पुण्याचा पावसाळा बांधणीला सोयीचा. जून ते सप्टेंबर फील्डवर चिखल असतो, उडवणं जवळजवळ बंद. फक्त कव्हरिंगची घाई नको. दमट हवेत लाकूड ओलावा धरून असतं, त्यावर ताणून बसवलेली फिल्म लाकूड सुकून आकसल्यावर ढिली पडते. फ्रेम श्रावणात, कव्हरिंग दसऱ्यानंतर.

ज्यांच्याकडे नोकरी, मुलं आणि एकच मोकळा रविवार आहे त्यांनी एआरएफ आणावं आणि उडवत राहावं. बांधायची हौस असेल तर शेजारी पुष्पकचा प्लॅन पसरावा. उडवायला काहीच नाही आणि पहिलं मोठं विमान टेबलावर अर्धवट, अशी स्थिती आली की बोटांचा सराव जातो, आणि वर्षभराच्या बांधणीचं मेडन (पहिलं उड्डाण) गंजलेल्या बोटांनी होतं.

पेट्रोल की बॅटरी

इथे आपल्या हवेपासून सुरुवात करावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी 38 अंशांना इथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण घनतेपेक्षा सुमारे 13 टक्के कमी भरते, म्हणजे विमानाच्या दृष्टीने तुम्ही महाबळेश्वरहून थोडं वरूनच उडवताय. पेट्रोल इंजिनची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते, शिवाय मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त). कार्बोरेटरची सुई थोडी आवळावी लागते. तीच आवळलेली सुई घेऊन डिसेंबरच्या गार सकाळी गेलात तर इंजिन लीन चालतं (पेट्रोल कमी पडतं), तापतं आणि नेमकं चढताना बंद पडतं. मग डेड स्टिक, म्हणजे बंद इंजिनाने, उतरवा. बॅटरीच्या मोटरला हवेची घनता सांभाळायची गरज नसते, प्रॉप एक इंच मोठा घालून काम भागतं.

दुसरी भानगड पंपावरच्या पेट्रोलची. आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, कार्बोरेटरचा पातळ डायफ्रॅम आणि हलक्या दर्जाच्या नळ्या कडक करतं, आणि मिश्रण आणखी लीनकडे नेतं. म्हणून नळी आणि टाकीचा बूच पेट्रोलला चालणारेच घ्या, ग्लो इंजिनचं सिलिकॉन इथे फुगतं. उडवणं झालं की टाकी उलटी करून रिकामी करा आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. ऑइलचं प्रमाण इंजिनबरोबरच्या कागदावर आहे तेच ठेवा, क्लबात प्रत्येक जण वेगळं सांगेल.

आणि आता स्टार्ट करणं. शेपटी कोणीतरी धरलेली किंवा दोरीने बांधलेली. चोक बंद, इग्निशन चालू, थ्रॉटल जरासा उघडा. हातात जाड चामडी हातमोजा. प्रॉप झटका देऊन फिरवायचा, हात लगेच बाहेर. दोन-चार झटक्यांत ‘फट्’ असा एकच आवाज येतो. तो ऐकला की चोक उघडायचा, पुन्हा झटके. इंजिन पकडलं की समोरून हलून मागे यायचं, कधीही प्रॉपच्या रेषेत उभं राहायचं नाही. हे सगळं एकट्याने करायचं काम नाही. पुढची सीट पाडून एकटे फील्डवर आलेल्या माणसाला शेपटी धरणारा दुसरा माणूस तिथे मिळायला हवा.

बॅटरीत हा सोपस्कार नाही. पण मोठ्या विमानाची बॅटरी म्हणजे खेळण्यातली नव्हे. पन्नास सीसीच्या तोडीला 12 एस (बारा सेल जोडलेला) पॅक लागतो: 5000 एमएएचचा असेल तर सुमारे 222 वॉट-तास, उड्डाण सहा ते आठ मिनिटांचं. फील्डवर गाडीच्या बॅटरीवरून चार्ज करू म्हणाल, तर एका पॅकला 20 अ‍ॅम्पिअर-तासांच्या वर लागतात आणि गाडीची बॅटरीच 35-45 ची असते. दुसऱ्या पॅकला गाडी ढकलावी लागेल. म्हणून जितकी उड्डाणं तितके पॅक घरून चार्ज करून न्यायचे, आणि एकेक पॅक महाग. पेट्रोलवाला लिटरभर इंधनात दोन-तीन उड्डाणं करून घेतो, तीही जवळपास दुप्पट लांबीची. मे महिन्यात बंद गाडीत लायपो (हेच लिथियम-पॉलिमर पॅक) ठेवणं तर जिवाशी खेळ. न वापरता ठेवायचे असतील तेव्हा सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा, पूर्ण भरलेले पॅक फुगतात.

तरी फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला बॅटरीच बरी पडते. पेट्रोलचा वास जिन्यात पसरला की सोसायटीचे सेक्रेटरी वर येतात, आणि गच्चीवर ट्यूनिंग करायचा विचारही करू नका. माझा निवाडा असा: क्लबचे सदस्य असाल, नियमित जात असाल, तर तीस सीसी पेट्रोल. एकटे किंवा अधूनमधून जाणार असाल तर तीस सीसीच्याच आकारात बॅटरी, पन्नासच्या नाही.

क्लब की स्वतःचं रान

मित्राचं शेत आहे, कापणी झाली की तिथे उडवू, असं अनेकांना वाटतं. आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा उघडा. ड्रोन नियम 2021 नुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय 200 फुटांपर्यंतच जाता येतं, आणि तेवढ्यात मोठ्या विमानाचा ऐसपैस लूप होत नाही. लोहगाव हवाई दलाचं, खडकवासल्याला एनडीए, हडपसरला ग्लायडिंग सेंटर, शिवाय जागोजागी लष्करी आस्थापना. शहर आणि उपनगरांचा मोठा भाग इथेच बाद होतो. 12 किलोमीटरच्या पलीकडे नकाशावर हिरवा भाग असेल तिथेही कमाल 400 फूट. हौशी मॉडेलला 25 किलोपर्यंत टाइप सर्टिफिकेटची (सरकारी मान्यतेच्या दाखल्याची) गरज नाही, फक्त ते नजरेच्या टप्प्यात उडवायचं. क्लबात नाव घालताना नोंदणी आणि विम्याची कागदपत्रं त्यांनी कशी केली आहेत ते विचारा. चांगला क्लब फाइल काढून दाखवतो.

शेतात खरी अडचण बघ्यांची. दहा मिनिटांत मोटरसायकली बांधावर लागतात आणि पोरं पट्टीवर धावतात. आठ किलोचं विमान उतरताना तिथे कोणीच नको. क्लबात फ्लाइट लाइन आखलेली असते, शेजारी स्पॉटर उभा राहतो, मेडनला अनुभवी माणूस ट्रान्समीटर हातात घेतो. संक्रांतीच्या सुमारास पतंगांचा मांजा आणि ऊन तापल्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी यांच्याकडेही दुसरं कोणीतरी बघत असलं म्हणजे बरं. तुम्ही फक्त विमान बघायचं.

आणि सेकंडहँड?

क्लबात कोणी ना कोणी मोठं विमान विकत असतो, आणि पहिल्यासाठी हा पर्याय मला नव्या एआरएफहूनही आवडतो. ते उडताना तुम्ही पाहिलेलं असतं. घेताना काउल (इंजिनवरचं झाकण) काढायला लावा. फायरवॉलचं लाकूड तेलाने काळं, मऊ झालं असेल आणि नखाने दाबलं की खड्डा पडत असेल तर फ्रेमचे पैसे शून्य धरा, फक्त इंजिन आणि सर्व्होचे द्या. पंखाची नळी आत-बाहेर सरकवून बघा, खडखडली तर भोक मोठं झालंय. सर्व्होचा हात बोटांनी हलवून दातांची ढिलाई तपासा. रिसीव्हरच्या बॅटऱ्या जुन्याच मिळाल्या तर टाकून द्या आणि नव्या बसवा. मग ट्रान्समीटर बंद करून थ्रॉटल आपोआप बंद होतो का ते पाहा. होत नसेल तर फेलसेफ (सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद करणारी सेटिंग) लावून पुन्हा पाहा, आणि तोपर्यंत इंजिनला हात लावू नका.