४९:१ चा तयार डबा पावसात गेला: एंड-फेड अँटेनाचा उत्तरायण ते दिवाळी अनुभव

जुलैतल्या सलग पावसात हौशी (हॅम) रेडिओच्या अँटेनाचा तयार ४९:१ चा डबा गेला आणि विक्रेत्याने वॉरंटी नाकारली, म्हणून हे सविस्तर लिहितोय. एंड-फेड हाफ वेव्ह म्हणजे एका टोकाला जोडलेली, अर्ध्या तरंगलांबीची तार; चाळीस मीटर बँडला (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) ती वीस मीटर लागते. तारेच्या टोकाचा मोठा रोध केबलच्या रोधाला जुळवणारा ट्रान्सफॉर्मर ज्यात असतो तो ४९:१ चा डबा. आधी निकाल: शहरातल्या गच्चीसाठी ही तार पैसा वसूल आहे. विकत मिळालेला डबा मात्र जसा आला तसा अजिबात वर चढवण्याजोगा नव्हता. आणि डबा घरी केलात तरी त्याच्या बुडाला ३ मिलिमीटरचं भोक पाडल्याशिवाय तो पावसात ठेवू नका. या भोकाबद्दल पुढे बरंच आहे, कारण या अँटेनात बिघडण्यासारखं जे काही आहे ते जवळजवळ सगळं त्या डब्यात आहे.

वडोदऱ्यातल्या रावपुरा, बाबाजीपुरा, दांडिया बाजार इकडची जुनी घरं लांबट, अरुंद आणि भिंतीला भिंत लागून. डायपोल, म्हणजे मध्ये केबल जोडलेली तार, लावायचा तर मधोमध उंच आधार हवा आणि तिथून केबल लोंबत आणायची. अरुंद गच्चीत ते जमत नाही. एंड-फेडला एका टोकाला डबा, दुसऱ्या टोकाला दोरी, बस्स. इथे मागच्या कठड्याला क्लॅम्प करून सहा मीटरचा जीआय पाइप उभा केलाय, त्यावर दीड मीटर बांबू. डबा पुढच्या बाजूला जिन्याच्या खोलीवर. तार सरासरी नऊ मीटर उंचीवर राहते. चाळीस मीटर बँडला पाव तरंगलांबी साडेदहा मीटर होते, म्हणजे आपण त्याच्याही खाली आहोत आणि बरीचशी ऊर्जा सरळ वर जाते. हा तोटा वाटतो, पण दिवसा इंदूर, पुणे, मुंबई या दोनशे ते पाचशे किलोमीटरच्या टप्प्यासाठी तेच हवं असतं. लांबचं काम २० आणि १० मीटरवर होतं, तिथे हीच उंची पुरेशी पडते.

तार साधी घरगुती वायरिंगची, १ चौरस मिलिमीटर, मल्टीस्ट्रँड, पीव्हीसीची. लांबीसाठी १४३ भागिले मेगाहर्ट्झ हे सूत्र उघड्या तारेचं. ७.१ ला ते २०.१४ मीटर देतं. पीव्हीसीमुळे तार विद्युतदृष्ट्या लांब होते, म्हणून शेवटी लागते त्याहून कमी. तरी सुरुवात २०.५० मीटरने करा आणि कापू नका. शेवटचं टोक दुमडून तारेलाच घट्ट गुंडाळा, परिणाम कापल्यासारखाच होतो आणि चुकलं तर उलगडता येतं. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) केबलच्या टोकाला शॉर्ट, ओपन, लोड करून कॅलिब्रेट करा आणि डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर (जुळणीचा आकडा, १ सर्वोत्तम) सगळ्यात कमी येतो ती फ्रिक्वेन्सी, कुठे आहे ते बघा. इथे २०.५० ला तो ६.८६ वर आला. हवा होता ७.०६. मग नवी लांबी = २०.५० × ६.८६ ÷ ७.०६ = १९.९२. म्हणजे ५८ सेंटिमीटर दुमड. अगदी शेवटी लक्षात ठेवायचा आकडा एकच: एक सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलोहर्ट्झ. आपला बँड ७.० ते ७.२ एवढाच असल्याने ७.०६ ला डिप ठेवला तर दोन्ही टोकांना एसडब्ल्यूआर २ च्या आत राहतो. वरच्या बँडांवरचे डिप नेमके दुप्पट-चौपट आकड्यांवर पडत नाहीत, थोडे वर सरकतात. म्हणूनही चाळीसचा डिप बँडच्या मधल्यापेक्षा जरा खाली ठेवलेला बरा, नाहीतर १० मीटरचा डिप एसएसबीच्या (बोलण्याच्या) कामाच्या जागेपासून लांब जातो.

आता डबा. तयार डब्यावर २०० वॉट छापलं होतं. उन्हाळ्यात तो बरा चालला, एसएसबीवर शंभर वॉटला काही तक्रार नव्हती. एप्रिलपासून एफटी-८ वर (संगणकाने पाठवायचे डिजिटल संदेश) मात्र एक गोष्ट दिसायला लागली: प्रसारण सुरू होताना एसडब्ल्यूआर १.३ आणि त्याच बारा-तेरा सेकंदांत चढत २ च्या वर. थांबलं की पुन्हा १.३. हे कोअर, म्हणजे ज्यावर तार गुंडाळतात ती फेराइटची कडी, तापल्याचं लक्षण. फेराइट ठराविक तापमानापुढे गेलं की त्याची पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्र वाहून नेण्याची क्षमता) कोसळते आणि ट्रान्सफॉर्मर ट्रान्सफॉर्मर राहत नाही. मे महिन्यात गच्चीवर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातलं फेराइट आधीच तापलेलं असतं. पॉवर चाळीस वॉटवर आणली की हा त्रास थांबायचा. तेव्हा मत असं होतं की छापील वॉट अर्धे धरले तर वस्तू चालण्याजोगी आहे.

जुलैत ते मत बदललं. पावसाच्या सकाळी एसडब्ल्यूआर ३, दुपारी ऊन पडलं की १.५, रात्री पुन्हा ३. इथे एक फरक ओळखता आला पाहिजे. भिजलेल्या तारेमुळेही आकडा हलतो, पण तेव्हा डिप नुसता वीस-तीस किलोहर्ट्झ खाली सरकतो, त्याची खोली तीच राहते. डिपच सपाट झाला, कुठेच १.५ च्या खाली जात नाही, तर पाणी डब्यात किंवा केबलमध्ये गेलंय. मल्टिमीटर लावून काही कळत नाही. या ट्रान्सफॉर्मरला डीसीला सगळंच शॉर्ट दिसतं, कोरडा असो वा ओला, मीटर शून्यच दाखवतो. केबल दोन्ही टोकांनी सोडवून मधली तार आणि जाळी यांच्यात वीस मेगओहमच्या रेंजवर मोजा. कोरड्या केबलला मीटर ओपन दाखवतो, ओल्या केबलला बहुधा काही ना काही आकडा येतो.

डबा उघडला तेव्हा झाकणाच्या आतून थेंब लोंबत होते. तळाला करंगळीच्या पेरभर पाणी. स्क्रूवर गंज, आणि तारेच्या सोल्डर केलेल्या टोकावर हिरवी बुरशीसारखी पूड. चारही कडांनी सिलिकॉन फासलेलं, त्याला अजून व्हिनेगरचा वास. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं आणि बंद डब्यात ते तांब्याला खातं. अशा कामाला न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच लागतं. कोअरवर पट्टी धरली तर बाहेरचा व्यास साडेपस्तीस मिलिमीटर. एफटी-१४० म्हणजे १.४ इंच, एफटी-२४० म्हणजे २.४ इंच, ६१ मिलिमीटर. नावातच माप आहे, तेव्हा विकत घेण्याआधी हा एक आकडा विचारा. साडेपस्तीस मिलिमीटरच्या एका कोअरवर २०० वॉट लिहिणं ही फसवणूक आहे. विक्रेत्याचं उत्तर आलं की पाणी गेलं म्हणजे लावणी चुकली, आणि डबा उघडला म्हणजे वॉरंटी संपली. गच्चीवर लावायची वस्तू म्हणून विकायची आणि पावसाची जबाबदारी घ्यायची नाही, याचा राग अजून आहे.

घरचा डबा तयार डब्याच्या निम्म्याहून कमी खर्चात झाला. सगळ्यात महाग कोअर: एफटी-२४०-४३ एक (४३ हा फेराइटचा प्रकार). १.२ मिलिमीटरची एनॅमल तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते, रीळ घ्यायची गरज नाही. सेकंडरीला (अँटेनाच्या तारेकडची गुंडाळी) टोकांसकट मीटरभर लागते, प्रायमरीचे (केबलकडच्या गुंडाळीचे) दोन वेढे धरून सव्वा मीटर घ्या. प्रायमरी दोन वेढे, सेकंडरी चौदा. प्रायमरीची तार सेकंडरीच्या पहिल्या दोन वेढ्यांना पीळ देऊन घाला, सात वेढे झाल्यावर तार कोअरच्या पलीकडे नेऊन उरलेले सात समोरच्या बाजूला घ्या, म्हणजे आत जाणारं आणि बाहेर येणारं टोक एकमेकांपासून लांब राहतं. प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, एनपीओ किंवा सिल्व्हर मायका, १ किलोव्होल्टचा. साधा डिस्क कपॅसिटर तापला की त्याची किंमत बदलते, तो नको. कपॅसिटरशिवाय १० मीटरवर एसडब्ल्यूआर दोनच्या पुढे राहतो. वर चढवण्याआधी तारेच्या जागी २.२ किलोओहम आणि २७० ओहम सिरीजमध्ये लावा आणि नॅनोव्हीएनएवर ३ ते ३० मेगाहर्ट्झ बघा. पाव वॉटचे रेझिस्टर पुरतात. इथे आकडे बिघडलेले दिसले तर दोष वेढ्यांचा, वर जाऊन तार कापत बसू नका.

आणि आता ते भोक. इलेक्ट्रिकल दुकानात मिळणारा पांढरा जंक्शन बॉक्स कितीही घट्ट लावला तरी बोल्टच्या आट्यांतून आणि कनेक्टरच्या कडेतून हवा जातेच. दुपारी डबा तापतो, आतली हवा फुगून बाहेर निघते. संध्याकाळी सर येते, डबा एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि त्याच आट्यांवर साचलेलं पाणी आत ओढलं जातं. रोज थोडं थोडं. बाहेर जायला वाट नसते. म्हणजे सिलिकॉन जितकं जास्त, तितकं आत आलेलं पाणी जास्त दिवस राहणार. बुडाला भोक असलं की आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो, ओढ लागत नाही आणि चुकून आलेला थेंब गळून जातो. दोन मिलिमीटरपेक्षा लहान भोकात थेंब अडकून बसतो, पाचपेक्षा मोठ्यातून कुंभारीण माशी शिरते. तीन योग्य, आतून स्टेनलेस जाळीचा तुकडा. कुंभारीण बाहेरूनही मातीने भोक लिंपते, म्हणून मृगाच्या आधी एकदा काडी घालून बघायचं. केबलचं एसओ-२३९ सॉकेटही बुडालाच, तोंड खाली. बोल्ट एसएस ३०४ चे. जुलैअखेरीपासून पाऊस थांबेपर्यंत या डब्याचा डिप जागचा हलला नाही आणि ऑक्टोबरात उघडला तर तांबं नव्यासारखं होतं.

केबलच्या पीएल-२५९ प्लगवर आधी एक थर साधी पीव्हीसी टेप, नंतर उघडताना उपयोगी पडते. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप ताणून, त्यावर उन्हासाठी पुन्हा पीव्हीसी. शेवटचा थर खालून वर गुंडाळा, म्हणजे कौलांसारखी वरची कड खालच्यावर येते. केबल खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक झोळ सोडा. केबलच्या जाळीत एकदा पाणी शिरलं की ते केशाकर्षणाने कितीतरी आत जातं आणि तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो.

चोक, म्हणजे केबलच्या जाळीवरून बाहेरून येणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी; त्याबद्दलचं मतही मधेच बदललं. केबल जेमतेम बारा मीटर, रेडिओला हात लावल्यावर चटका नाही, मग चोकवर दुसरा कोअर कशाला, असं उन्हाळ्याआधी वाटत होतं. मार्चपासून सकाळी आठच्या सुमाराला चाळीस मीटरवर गोंगाट चढायचा आणि सूर्यास्ताला उतरायचा. घराचा मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर चालवला तरी तोच. म्हणजे बाहेरचा, आणि वेळेवरून तो गच्च्यांवरच्या सोलर इन्व्हर्टरचा. वडोदऱ्यात आता दर दोन-चार घरांआड पॅनेल आहेत, तेव्हा हे प्रकरण वाढणारच. एंड-फेडला परतीची वाट केबलच्या जाळीतूनच असते, त्यामुळे जाळीवर उचललेला गोंगाट सरळ रेडिओत येतो. डब्याच्या अर्थ बोल्टला २.१ मीटर तार लोंबती सोडली, म्हणजे चाळीसची ०.०५ तरंगलांबी, आणि लगेच खाली एफटी-२४०-४३ वर आरजी-५८ चे अकरा वेढे. रेडिओचा सिग्नल मीटर एस-७ वरून एस-४ वर आला. तीन एस युनिट म्हणजे अठरा डेसिबल. नुसता चोक लावून ती तार विसरलात तर परतीची वाटच तुटते आणि एसडब्ल्यूआर भलताच येतो. तार लावल्यावर डिप थोडा सरकतो, लांबी पुन्हा बघावी लागते. या पैशांत दुसरी कुठलीही सुधारणा इतकं देत नाही.

राहिलं उत्तरायण, म्हणजे १४ जानेवारीचा पतंगांचा सण. १० जानेवारीच्या आसपास तार उतरवून गुंडाळून ठेवायची आणि वासी उत्तरायण (दुसरा दिवस) उलटल्यावर १६ ला चढवायची, यात सूट नाही. सगळं शहर अगाशीवर असतं, शेजारची मुलं कठडे ओलांडून येतात आणि या तारेच्या टोकाला शंभर वॉटला सातशे व्होल्टच्या घरात पीक व्होल्टेज असतं. पोराने धरली तर भाजतं. शिवाय मांजाची काच वाऱ्यावर पीव्हीसी कापत राहते. कापलेल्या जागी पाणी शिरून आतलं तांबं काळं पडतं. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो येतो, आणि तो कुजत नसल्याने महिनोन्महिने तारेवर राहतो. म्हणून मागच्या पाइपवर कप्पी लावून दोरी खाली कठड्यापर्यंत आणलीय. पिवळी-निळी पॉलिप्रॉपिलीन दोरी इथल्या एका उन्हाळ्यात ठिसूळ होते, पॉलिएस्टरची घ्या. विजेच्या तारांवरून किंवा त्यांच्या पडण्याच्या टप्प्यात अँटेना कधीच नको. कडाडायला लागलं की केबल रेडिओपासून सोडवून खिडकीबाहेर.

एफटी-८ वर घरच्या डब्यालाही पन्नास वॉटच्या पुढे नेत नाही, उन्हाळ्यात तर चाळीसच. दुसरा कोअर मागवलाय. दोन कोअर एकावर एक ठेवून तेच दोन आणि चौदा वेढे घातले की उष्णता वाटली जाते, फक्त तार जवळजवळ दीडपट लागेल आणि १० मीटरसाठी कपॅसिटरची किंमत पुन्हा बघावी लागेल. तो डबा मे महिन्याच्या आत वर जाईल.