‘लेफ्ट बिहाइंड’चे सोळा भाग: दीर्घ वाचनानंतरचा अनुभव

टिम लाहे आणि जेरी बी. जेन्किन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’ ही कादंबरीमालिका गेल्या हिवाळ्यापासून माझ्या हाताशी आहे. काही भाग छापील वाचले, काही गाडी चालवताना ऐकले, आणि या सर्व काळात मालिकेचे इतर वाचक काय म्हणतात याचाही मागोवा घेत राहिले. मी शिकागोच्या वायव्येकडील उपनगरांत राहते. कथेतली मंडळी, म्हणजे चर्च, ज्या माउंट प्रॉस्पेक्टमध्ये भरते ते गाव येथून फार लांब नाही आणि प्रकाशक टिंडेल हाउस हेही इलिनॉयमधलेच. येथील सार्वजनिक ग्रंथालयांच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत या मालिकेचे पक्क्या बांधणीचे भाग अजूनही अगदी नाममात्र किमतीला मिळतात. सहा कोटींहून अधिक प्रती खपलेल्या मालिकेचे हे एक स्वाभाविक उत्तरायुष्य म्हणायचे.

कथेची कल्पना मोठी पकड घेणारी आहे. शिकागोहून लंडनला निघालेले विमान अटलांटिकवर असताना त्यातील कित्येक प्रवासी एका क्षणात नाहीसे होतात आणि मागे फक्त त्यांचे कपडे उरतात. जगभर हेच घडलेले असते. खरे विश्वासणारे आणि झाडून सगळी लहान मुले, अगदी गर्भातलीसुद्धा, प्रभूने वर नेलेली असतात. यालाच अमेरिकन ख्रिस्ती ‘रॅप्चर’ म्हणतात. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला सात वर्षांचे महासंकट येते, निकोलाय कार्पेथिया नावाचा रुमानियन राजकारणी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवपदावरून साऱ्या जगाची सत्ता बळकावतो, आणि तोच ख्रिस्तविरोधक, म्हणजे शेवटच्या काळात येणारा ख्रिस्ताचा शत्रू, असल्याचे ओळखणारी मोजकी माणसे भूमिगत होऊन लढू लागतात. बायबलमधले थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र, दानीएलाचे सत्तर सप्तक आणि प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातली शिक्के, कर्णे व वाट्या या नावांची संकटे यांची एका विशिष्ट क्रमाने केलेली जुळणी हा या कथानकाचा सांगाडा होय. ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी पुढे आणली आणि अमेरिकेत ती घरोघरी पोहोचवली १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांसह छापलेल्या बायबलने. माझे बालपण नगरच्या मंडळीत गेले. तेथे प्रभूच्या पुनरागमनावर प्रवचने होत, पण हे सात वर्षांचे वेळापत्रक पाळकसाहेबांच्या तोंडून कधी ऐकल्याचे मला आठवत नाही. महाराष्ट्रातल्या पेंटेकॉस्टल आणि ब्रदरेन मंडळ्यांत वाढलेल्यांना मात्र ते चांगले परिचयाचे असेल.

१९९५ सालचा पहिला भाग मी दोनदा वाचला आणि तो दोन्ही वेळा आवडला. विमानात एक वृद्ध बाई आपल्या नवऱ्याचे कपडे हातात धरून बसलेली आहे, तिचा हॅरॉल्ड कपडे टाकून गेला तरी कुठे हे तिला उमगत नाही, आणि हा प्रसंग लेखकाने एकही अलंकार न वापरता सांगितला आहे. पुढे वैमानिक रेफर्ड स्टील घरी पोहोचतो तेव्हा पत्नी आयरीनची रात्रीची वस्त्रे अंथरुणात तशीच पसरलेली असतात आणि त्यांत तिची लग्नाची अंगठी सापडते. याच आयरीनच्या भक्तीचा त्याला गेली काही वर्षे कंटाळा आलेला होता, आणि त्याचे मन विमानातल्या हॅटी डरहॅम नावाच्या सेविकेकडे ओढ घेत होते. ही दहा-बारा पाने कोणत्याही चांगल्या थरारकथेत शोभतील.

त्याहून सरस पात्र ब्रूस बार्न्सचे आहे. हा मंडळीतला साहाय्यक पाळक, म्हणजे आजाऱ्यांच्या भेटी घेणारा, घरोघरी प्रार्थना करणारा, अशी कामे करणारा मनुष्य. पण मनापासून विश्वास कधीच न ठेवल्यामुळे तो मागे राहतो, आणि बायको व मुले गेलेली असताना रिकाम्या झालेल्या मंडळीत येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची ही कथा सांगत बसतो. येथील ज्या ज्या वाचकांशी माझे बोलणे झाले, त्यांतल्या मंडळीत वाढलेल्या प्रत्येकाने कार्पेथियाच्या आधी ब्रूसचे नाव घेतले. बाहेरच्याला ख्रिस्तविरोधकाचे कुतूहल वाटते, आतल्याला मात्र दर रविवारी पहिल्या बाकावर बसूनही मागे राहण्याची धास्ती असते. लेखकांनी ती धास्ती अचूक हेरली होती. दुसऱ्या भागाच्या अखेरीस त्यांनी ब्रूसला मारले आणि त्याच्यासोबत मालिकेतला सर्वांत माणसासारखा आवाजही गेला, अशी माझी तक्रार आहे.

मालिकेवरची सर्वांत सखोल टीकाही धर्मनिष्ठ वाचकाकडूनच आली आहे. स्वतः बॅप्टिस्ट परंपरेतले असलेले फ्रेड क्लार्क २००३ पासून ही पुस्तके पानापानाने वाचून त्यांची चिकित्सा करीत आले. त्यांचे बरेच आक्षेप धर्मशास्त्रीय असले, तरी मला पटलेला आक्षेप साध्या माणुसकीचा आहे. जगातली सगळी मुले एका क्षणात नाहीशी झाल्यावर जग जसे वागेल, तसे या कादंबरीतले जग वागतच नाही. काही दिवसांत विमाने उडू लागतात, वृत्तपत्रे निघतात, संयुक्त राष्ट्रांची अधिवेशने भरतात आणि पत्रकार बक विल्यम्स फोन लावण्यात गुंततो. हे आधी वाचले असल्यामुळे मी दुसऱ्या वाचनात मुद्दाम शोध घेतला, तेव्हा मुलांच्या शोकाला जेवढी जागा मिळाली आहे तिच्या कितीतरी पट जागा प्रवासाची सोय, फोन आणि निरोप यांनी व्यापली असल्याचे दिसले. पात्रांना एका शहरातून दुसऱ्या शहरात कसे पोहोचायचे हा प्रश्न बारा भाग पुरतो. गंमत अशी, की हीच पाने ऐकताना मुळीच कंटाळवाणी वाटत नाहीत. गाडी महामार्गावर असेल तर हा मजकूर अगदी बरोबर वेगाने पुढे सरकतो. म्हणून कोणी विचारले तर मी चौथ्या भागापासून पुढचे सर्व ऐकावेत, वाचू नयेत, असे सांगते.

शेवट आधीच ठाऊक असलेल्या या कथेत एवढ्या लोकांना उत्कंठा कसली वाटली, हा प्रश्न मला बराच काळ पडला होता. प्रकटीकरण वाचलेल्याला पुढचा कर्णा कोणता हे माहीत असते, कार्पेथिया मरणार आणि पुन्हा उठणार हेही माहीत असते, आणि तरीही त्याच्या मृत्यूवर संपणाऱ्या ‘असॅसिन्स’नंतरचा ‘द इंडवेलिंग’ हा भाग २००० साली बाहेर पडताच न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिला आला. मराठी माणसाला याचे फार नवल वाटू नये. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला रावण मरणार हे पक्के ठाऊक असते, तो बुवा तिथपर्यंत कसे नेतात हे पाहायला आलेला असतो. ‘लेफ्ट बिहाइंड’चा निष्ठावंत वाचकही असाच आहे. भाकितातले एखादे चमत्कारिक वाक्य, उदाहरणार्थ प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायातले विंचवासारखी नांगी असलेले टोळ, आजच्या जगात प्रत्यक्ष कसे दिसेल, याचे उत्तर त्याला हवे असते आणि लेखक ते प्रामाणिकपणे देतात. भाकिताचा आराखडा लाहे यांचा आणि लेखन जेन्किन्स यांचे, अशी कामाची वाटणी होती, आणि ती पुस्तकात जाणवते. टोळ आले की कथा जिवंत होते आणि बायबलवरचे व्याख्यान सुरू झाले की ती थांबते.

एका पुस्तकात आटोपायची ही कथा वाढत वाढत बारा भागांची झाली, त्यावर तीन पूर्वभाग आणि शेवटी २००७ सालचा ‘किंगडम कम’ अशी भर पडली. मधले भाग पाणी घालून वाढवले आहेत असे निष्ठावंत वाचकही मोकळेपणाने म्हणतात, आणि ते खरे आहे. तरीही खप कमी झाला नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांनी, ऑक्टोबरअखेरीस आलेला नववा भाग ‘डेसिक्रेशन’ हा त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी ठरला.

वाचकांच्या प्रतिक्रिया समजून घ्यायच्या असतील, तर एमी जॉन्सन फ्रिकहोम यांनी वाचकांच्या मुलाखती घेऊन २००४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला सर्वांत उपयोगी पडला. ही पुस्तके माणसे एकेकटी वाचत नव्हती. आई वाचून मुलीला देई, मंडळीतली मैत्रीण पुढचा भाग आणून देई, विश्वास न ठेवणाऱ्या भावाच्या हाती पहिला भाग ठेवला जाई. हे मी स्वतः पाहिले आहे. शेजारच्या आजींकडचा पहिला भाग इतक्या हातांतून फिरलेला आहे, की त्याच्या आतल्या पानावर निरनिराळ्या शाईंत चार-पाच नावे लिहिलेली आहेत. त्यातले शेवटचे नाव त्यांच्या जावयाचे आहे आणि त्याने ते पुस्तक न वाचताच परत केले, हे त्यांनीच हसत सांगितले.

निष्ठावंत वाचकांमधला सर्वांत गंभीर वाद आठव्या भागावरून झाला आणि बाहेरच्यांना तो जवळजवळ माहीतच नाही. ‘द मार्क’मध्ये चँग वाँग हा संगणकात तरबेज, विश्वासणारा किशोर कार्पेथियाच्या राजवाड्यातल्या नोकरीसाठी आणलेला असतो. त्याच्या वडिलांच्या पुढाकाराने त्याला गुंगीचे औषध देऊन त्याच्या इच्छेविरुद्ध श्वापदाची, म्हणजे ख्रिस्तविरोधकाशी निष्ठा दाखवणारी, खूण केली जाते. प्रकटीकरणात तर ती खूण घेणाऱ्याला क्षमा नाही असे स्पष्ट म्हटले आहे. मग ज्याच्या कपाळावर देवाचा शिक्का आधीच आहे, त्याच्यावर बळजबरीने श्वापदाची खूण उमटवली तर त्याचे काय? अनेकांनी लेखकांवर बायबलचे वचन मोडल्याचा आरोप केला, तर इतरांनी संमतीवाचून पाप घडत नाही असा पक्ष घेतला. माझ्या मते संपूर्ण मालिकेत कथा वेळापत्रकाबाहेर पडून खऱ्या नैतिक पेचात सापडते ती येथेच, आणि वाचकांची अस्वस्थता हा त्या भागाचा दोष नसून गुण आहे.

कॅथलिक वाचकांच्या तक्रारीकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. कथेतला पोप वर नेला जातो खरा, पण तो प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या शिकवणुकीकडे झुकल्याचे सांगूनच, आणि उरलेल्यांतून सिनसिनाटीचा कार्डिनल पुढे येऊन कार्पेथियाच्या एकमेव जागतिक धर्माचा प्रमुख होतो. २००३ साली इलिनॉयच्या कॅथलिक बिशपांनी या मालिकेला कॅथलिकविरोधी म्हणत आपल्या लोकांना जाहीर इशारा दिला. वसई किंवा गोव्याकडच्या माझ्या वाचकांनी हे ध्यानात ठेवूनच मालिका हाती घ्यावी. ल्यूथरन अभ्यासक बार्बरा रॉसिंग यांचा आक्षेप याहून मूलगामी आहे: प्रकटीकरणाचा मुख्य विषय मारला गेलेला कोकरा, म्हणजे ख्रिस्त, आहे, आणि रॅप्चरची मांडणी त्याऐवजी जग सोडून पळण्याची आस लावते. यहुदी वाचकांना तर हे कथानक आपल्या विरोधात आहे असेच वाटू शकते, कारण त्यात यहुद्यांना मान पुष्कळ असला तरी तो त्यांनी धर्म बदलण्याच्या वाटेवरचा मान आहे.

बाराव्या भागाने, म्हणजे २००४ सालच्या ‘ग्लोरियस अपिअरिंग’ने, बाहेरच्या वाचकाला सर्वांत मोठा धक्का दिला. येथे प्रत्यक्ष येशू परततो आणि त्याच्या मुखातून निघालेल्या शब्दांनी शत्रूच्या सैनिकांची शरीरे फुटतात. न्यूयॉर्क टाइम्समध्ये निकोलस क्रिस्टॉफ यांनी त्याच वर्षी विचारले होते, की असे पुस्तक सौदी अरेबियात निघाले असते आणि त्यात मुसलमानेतरांची अशी कत्तल रंगवली असती, तर अमेरिकन माणूस काय म्हणाला असता? समर्थक याला उत्तर देतात, की हे सर्व प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ते आहे, पण त्या अध्यायात तलवार मुखातून निघते आणि वर्णन तेथेच थांबते. कादंबरी पाने भरभरून रक्त वाहू देते, त्यात एक प्रकारची चव घेतल्यासारखे वाटते, आणि त्या भागानंतर मी काही दिवस काहीच ऐकले नाही.

चित्रपटांबद्दल फारसे बोलण्याजोगे नाही. २००० सालचा कर्क कॅमेरॉनचा चित्रपट कमी पैशांत केलेला पण मनापासूनचा आहे, तर २०१४ सालचा निकोलस केजचा चित्रपट एका विमान-अपघाताच्या कथेपुरताच उरतो. पूर्वभाग वाचले नाहीत तरी काही बिघडत नाही. आयरीन अधिक समजून घ्यायची असेल त्यानेच ते घ्यावेत.

मुलांसाठीची स्वतंत्र मालिका चाळीस लहान पुस्तकांची आहे आणि ती सुट्टीत वाचायला द्यावी का, असे मला दोन-तीन पालकांनी विचारले. माझे उत्तर सावध आहे. या पुस्तकांतली मुख्य मुले आईवडील गमावून एकटी उरलेली आहेत. शाळेतून आल्यावर घर रिकामे दिसले की सगळे वर गेले आणि आपण मागे राहिलो, या भीतीने रडल्याचे अशा घरांत वाढलेल्या आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेक अमेरिकनांनी लिहून ठेवले आहे, आणि ती आठवण ते विनोदाने सांगत नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला द्यायचे असेल, तर पहिला भाग पालकांनी स्वतः आधी वाचावा, एकेक प्रकरण मुलाबरोबर वाचावे, आणि मूल झोपण्यापूर्वी घरात कोण कोण आहे हे पुन्हा पुन्हा विचारू लागले तर पुस्तक ग्रंथालयाला परत करावे.