पंधरा दिवसांचं पुस्तक, तीन ललत

माझं माहेर मिरजेचं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या रात्री गाणं ऐकत मी वाढले, त्यामुळे किराणा घराण्याचा सूर म्हणजेच गाणं ही माझी पक्की समजूत. तिला धक्का दिला तो पुण्यात आमच्या घराजवळच्या वाचनालयातल्या एका पुस्तकानं. संगीत समीक्षक वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी', 1961 सालचं. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या कागदावर सात वर्षांत एकही शिक्का पडलेला नव्हता.

सूर आणि लय ही दोन टोकं धरून वामनराव घराणी, म्हणजे गायकीच्या परंपरा, मांडतात. किराणा सुराच्या टोकाला, आग्रा लयीकडे झुकलेलं, आणि जयपूरमध्ये दोन्हींचा तोल. वाचून मी चिडलेच. मग ठरवलं, भांडायचं तर ऐकून भांडायचं. एकच राग, तीन घराणी. ललत माझ्याकडे तिघांचाही होता: किराण्याच्या भीमसेनजींची एलपी (जास्त वेळ वाजणारी तबकडी), आग्र्याच्या फैयाज खाँसाहेबांची 'तडपत हूँ जैसे जल बिन मीन' आणि जयपूरच्या केसरबाई केरकरांची 'घटन लागी रैन'. शेवटच्या दोन्ही 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, लाखेच्या जुन्या तबकड्या. त्यांना जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई त्यांवर चालवू नका, खाचेच्या तळाशी घासून खरखर तेवढी वाढते.

पहाटे पाचला उठून ऐकलं, कारण ललत त्याच वेळेचा. पंचम (प) नाही, शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम (म) लागून लागून. भीमसेनजी त्या दोन मध्यमांपाशी असे थांबतात की तालाचं भानच राहत नाही. लगेच फैयाज खाँ लावले. इथे 'तडपत' हा शब्दच लयीवर आपटून येतो आणि मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरतो तेव्हा मान आपोआप हलते. पुस्तक उघडं ठेवून तेच पान पुन्हा वाचलं. वामनराव म्हणतात ते आता माझ्या कानांनाच कळत होतं. केसरबाईंच्या 'आ'काराच्या तानेत सूर जराही पातळ होत नाही आणि लयही सुटत नाही. मी हरले, आणि मला फार आनंद झाला.

तरी एक सांगायलाच हवं. 78 च्या एका बाजूत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. पुस्तकात जी सावकाश बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्यानं विस्तार, वर्णन केली आहे, ती तिथे शोधू नका. जयपूरची बढत ऐकायची तर मल्लिकार्जुन मन्सूरांची एखादी एलपी घ्या, एका बाजूला वीसेक मिनिटं तरी मिळतात.

सगळ्याच जोड्या जमत नाहीत. गीतरामायणाचं पुस्तक हातात घेऊन तबकड्या लावल्या, तर डोळे गाण्याच्या पुढे धावायला लागले. 1955 साली पुणे आकाशवाणीवर लोकांनी ते कानांनीच ऐकलं होतं. 'दैवजात दुःखे भरता' सुरू झालं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, शब्द इतका स्वच्छ आहे की समोर अक्षर लागतच नाही.

वाचनालयाबद्दल तक्रार एकच. पुस्तक पुन्हा बांधताना आतला समास शिवणीत गेला आहे, ओळींची टोकं पुस्तक दाबून वाचावी लागतात. पंधरा दिवसही मला पुरले नाहीत. मात्र ग्रंथपाल बाईंनी, दुसऱ्या कुणाची मागणी नाही हे पाहून, लगेच मुदत वाढवून दिली. घरच्या कपाटातलं पुस्तक मी असं कधीच वाचलं नसतं. परत करायची तारीख डोळ्यांसमोर होती म्हणूनच रोज पहाटे उठले.

काल ते परत केलं आणि गोविंदराव टेंब्यांचं 'माझा संगीत व्यासंग' आणलं. 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच. बालगंधर्वांच्या तबकड्या पुसून ठेवल्यात, सुई बदलायची तेवढी राहिली आहे.