विडी ओढणाऱ्यांसाठी इम्प्लांट बरं की ब्रिज?

चोपड्याच्या मामांची खालची दाढ काढली. कळण्याची भाकरी एकाच बाजूने चावावी लागते, आणि विडी काही सुटत नाही. जळगावला जाऊन इम्प्लांट करायचं की ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात), यावर घरात दोन तट पडलेत. ‘आयुष्यभर टिकतं’ ही इम्प्लांटची जाहिरात बाजूला ठेवूनच बघू.

टिकाऊपणा हा खरा मुद्दा. इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर कृत्रिम दात बसतो. हाड त्याला धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते, म्हणून ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचा धोका जवळपास दुप्पट. वरच्या जबड्याचं हाड मऊ, तिथे आणखी जपावं लागतं. फसवी गोष्ट म्हणजे ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. आत हाड झिजत असलं तरी बाहेरून कळत नाही.

ब्रिजला हाड जुळायची वाट बघावी लागत नाही, काम दोन-तीन आठवड्यांत होतं. पण शेजारचे चांगले दात घासून बारीक करावे लागतात, ते मला खटकतं. आणि विडी त्या दातांच्या हिरड्याही सोडत नाही. खर्च सुरुवातीला ब्रिजचा कमी.

शस्त्रक्रियेच्या किमान आठवडाभर आधी आणि नंतर दोन महिने विडी बंद ठेवायची, पुढेही सोडायची तयारी असेल, तर इम्प्लांट करा. सुटणारच नसेल आणि शेजारचे दात भक्कम असतील, तर ब्रिज. तेही हलत असतील, तर काढता येणारी कवळी.