टिफ कायदा सुधारायचाय, मग मॉडेल कुणाचं घ्यायचं? इलिनॉय, विस्कॉन्सिन की कॅलिफोर्निया

आधी टिफ म्हणजे काय ते पटकन. टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, अमेरिकेतल्या शहरांची विकासाला पैसा उभा करायची पद्धत. एखाद्या एरियाची आजची किंमत गोठवायची आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं प्रॉपर्टी टॅक्स जेवढा वाढेल तो तिथल्याच रस्ते, गटारं, डेव्हलपरच्या मदतीत घालायचा. 10 कोटी डॉलरचा एरिया 16 कोटींचा झाला तरी प्रॉपर्टी टॅक्सवरच चालणाऱ्या शाळा आणि कौंटीला (आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक सरकार) टॅक्स 10 वरचाच, वरच्या 6 चा टिफच्या खात्यात. पण त्या 6 मधे नुसती महागाई किती आणि जे तसंही बांधलं जाणारच होतं ते किती, इथेच सगळी गोम आहे.

इलिनॉयमधे नवा टिफ तपासायला शाळा, कौंटी वगैरेंचं रिव्ह्यू बोर्ड आहे, पण ते नाही म्हणालं तरी शहराची कौन्सिल तीन-पंचमांश मतांनी पुढे जाऊ शकते, म्हणजे विचारायचं आणि मग आपलंच करायचं. मुदत 23 वर्षं, विधिमंडळाकडून 35 पर्यंत वाढवून मिळते. शिकागोत असे शंभरावर एरिया आहेत, शहर अधूनमधून उरलेला पैसा सरप्लस म्हणून सोडतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त शाळांकडे जातो, पण किती सोडायचा ते शहरच ठरवणार, त्यामुळे शाळांनी दरवर्षी बजेटच्या वेळी तोंडाकडे बघत बसायचं.

विस्कॉन्सिनमधे पण बोर्डच आहे, फरक एवढाच की त्याच्या बहुमताशिवाय टिफ होतच नाही! पाच जण असतात, स्कूल डिस्ट्रिक्ट (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), टेक्निकल कॉलेज, कौंटी, शहर आणि एक नागरिक, म्हणजे ज्यांचा टॅक्स अडकणार त्यांच्याच हातात मत. वर 12 टक्क्यांची लिमिट, नवा एरिया आणि जुन्या टिफमधली वाढ मिळून शहराच्या एकूण किमतीच्या 12 टक्क्यांपुढे गेली की नवीन टिफ बंद. ही लिमिट मला थोडी आंधळी वाटते, छोट्या गावात एकच मोठा कारखाना आला की ती संपते आणि मग गावं विधिमंडळाकडून खास सूट आणतात, तशा सवलती बऱ्याच झाल्यात.

कॅलिफोर्नियाने तर दुकानच बंद केलं. टिफ पहिल्यांदा तिथेच आलं, 1952 मधे, आणि 1 फेब्रुवारी 2012 ला टिफ चालवणाऱ्या जवळपास 400 रिडेव्हलपमेंट एजन्सी बरखास्त. कारण सरळ होतं, शाळांचा तुटलेला पैसा राज्याला भरून द्यावा लागायचा आणि राज्य स्वतःच कंगाल झालेलं. पण वाढीव टॅक्सचा 20 टक्के भाग स्वस्त घरांसाठी राखीव असायचा, तोही त्यातच गेला, याचं वाईट वाटतं. नंतर 2014 मधे नवा प्रकार आणला, शाळांच्या वाट्याला हातच लावायचा नाही आणि कौंटीने स्वतःहून दिला तरच तिचा हिस्सा घ्यायचा. तत्त्व एकदम बरोबर आहे, पण शहराचा एकट्याचा हिस्सा छोटा, पैसा मुंगीच्या पावलांनी जमतो, मोठं काम लगेच काढायचं असेल तर हे विसरा.

माझं मत विचाराल तर विस्कॉन्सिनचं बोर्ड घ्या आणि शाळांचा वाटा कॅलिफोर्नियासारखा बाजूला ठेवा, शहर कुरकुर करेल, करू दे. सगळं मिळणार नसेल आणि एकच कलम पदरात पडणार असेल तर लिमिट आणि मुदतीवर भांडत बसू नका, बोर्डाचा नकार मोडता येणार नाही एवढं लिहून घ्या.