चौकटीला काय घ्यावं: मलेशियन साल, किनवटचा सागवान की माळवदाची तुळई?

घर जोत्यावर आलं की सुतार विचारतो, "चौकटी कशाच्या?" आणि उत्तरही तोच देतो, "मलेशियन साल घ्या. सरळ येतं, सागवानापेक्षा स्वस्त पडतं."

हा साल गडचिरोलीकडचा नव्हे. या नावाखाली आग्नेय आशियातल्या वर्षावनांतली कितीतरी जातींची जड लाकडं खपतात. झाडं उंच, जुनी, म्हणून गाठी कमी. पण असं एक झाड बाहेर काढायला जंगलात रस्ता पाडावा लागतो. तोडणारे निघून जातात, रस्ता राहतो, आणि त्याच रस्त्यानं पामतेलाचे मळे आत शिरतात.

मग घ्यायचंच नाही? मला तेही पटत नाही. ग्वाटेमालात १९९० साली माया राखीव क्षेत्र झालं. तिथं काही गावांच्या संस्था ठरावीक झाडं मोजून महोगनी काढतात, वणव्यावर पाळत ठेवतात आणि त्यांचं जंगल बऱ्यापैकी टिकलंय. कागदावर कडेकोट बंद असलेल्या शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरांसाठी मोठमोठे पट्टे साफ झाले. झाडातून गावाला चार पैसे मिळाले तर गावच राखण करतं. अर्थात मोजून तोडणंही निर्धोक नाही. ब्राझीलमध्ये यंत्रानं तोड करायची तर हेक्टरी जास्तीत जास्त ३० घनमीटर, आणि त्याच जागी पुन्हा तोड २५ ते ३५ वर्षांनी. तेवढ्यात जंगल पूर्ण भरून येत नाही, असं अभ्यासक सांगतात.

म्हणून आयात लाकूड घ्यायचंच असेल तर एफएससीचं, म्हणजे जंगल जपून काढल्याचं प्रमाणपत्र असलेलं. पण ओंडक्यावरचा शिक्का पाहून भुलू नका. जंगलापासून वखारीपर्यंत प्रत्येक विकणाऱ्याकडं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा क्रमांक बिलावर यावा लागतो. मधली एक कडी तुटली की दावा संपला. आमच्याकडच्या वखारीत विचारलं तर मालकानं आधी चहा मागवला, मग विषय बदलला.

किनवटचा सागवान महाग, पण माग काढता येतो. वनखात्याच्या लिलावाचा माल असेल तर हातोड्याची खूण आणि वाहतूक पास असतो. पास नसेल तर स्वस्तात मिळालं तरी नको.

बांधावरचा कडुलिंब नीट वाळवला तर आतल्या चौकटींना चालतो. ओला वापरला तर पिळतो.

माझा कौल मात्र माळवदाच्या, म्हणजे जुन्या मातीच्या सपाट छताच्या, तुळईला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी मातीच्या छताची धास्ती घेतली आणि कितीतरी जुनी घरं उतरवली. अजूनही उतरवतात. त्यातल्या सागवानी तुळया वरून धुरानं काळ्या, पण रंधा फिरवला की आत मधाचा रंग. लाकूड पुरतं मुरलेलं, चौकट वाकायची भीती कमी. नवं झाड एकही पडत नाही. अडचण आरा मशीनवर येते. आत एक खिळा राहिला तरी पातं जातं, म्हणून मशीनवाला कापायला नाही म्हणतो किंवा पात्याचे पैसे आधी मागतो. तुळई बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा, आणि टोकं भिंतीत होती तिथं खिळा टोचून बघा. वाळवी तिथूनच लागते.